मुलाम्याखालचा माणूस : सेझार रिट्झ

जुन्या बड्या हॉटेलांतील चांदीचा मुलामा दिलेली भांडी जमवण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत पुष्कळांना आहे. चहाची किटली, झाकणाचे सूपपात्र, तबके, डाव. भांड्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का आणि अंगावर हॉटेलचे नाव सापडले की संग्राहकाला धन मिळाल्यासारखे वाटते. ‘रिट्झ’ हे त्यांतले एक मानाचे नाव. हे आडनाव मुळात एका शेतकऱ्याच्या मुलाचे होते, हे वाचल्यापासून मला त्या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले.

सेझार रिट्झ यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८५० रोजी स्वित्झर्लंडमधील नीडरवाल्ड या डोंगराळ खेड्यात झाला. तेरा भावंडांत ते शेवटचे. ब्रिग गावच्या हॉटेलात ते उमेदवारीला लागले; पण या धंद्याला लागणारे अंग या मुलात नाही, असे ठरवून मालकाने त्यांना काढून टाकले. १८६७ च्या प्रदर्शनाच्या सुमारास ते पॅरिसला गेले आणि पडेल ते काम करीत वेटर झाले. कोणाला काय आवडते, कोण कोठे बसतो, हे ते न लिहिता ध्यानात ठेवीत. आपल्याकडे पाठांतराला विद्या म्हणतात. मग हीही विद्याच नव्हे काय?

१८७८ मध्ये लुसर्नच्या ग्रँड नॅशनल हॉटेलचे ते व्यवस्थापक झाले. पुढे मॉन्टे कार्लोला ऑग्युस्त एस्कॉफिए या थोर बल्लवाचार्यांशी त्यांची जोडी जमली. त्या जोडीने लंडनचे सॅव्हॉय हॉटेल नावारूपाला आणले.

या वैभवाला मुलाम्याच्या भांड्यांची मोठी साथ होती. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले होते आणि पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल यांनी १८४२ मध्ये त्याचे फ्रान्सपुरते हक्क मिळवले. चांदीच्या द्रावणात भांडे बुडवून वीजप्रवाह सोडला की त्यावर चांदीचा पातळ थर बसतो. खाली बहुधा जर्मन सिल्व्हर असते. नावात चांदी असली तरी ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. निव्वळ चांदीपेक्षा हे पुष्कळ स्वस्त, म्हणून शेकडो पाने एकाच थाटात मांडता येऊ लागली. थर झिजला की पुन्हा चढवायचा, आपल्या कल्हईसारखा.

१८९८ च्या मार्चमध्ये सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ आणि एस्कॉफिए यांना कामावरून दूर केले. हजारो पौंडांच्या मद्याचा हिशेब लागत नव्हता, आणि पुरवठादारांकडून दलाली घेतल्याचा आरोप होता. ही गोष्ट चरित्रातून वगळावी असे मला वाटत नाही. गरिबीतून वर आलेला माणूस निष्कलंकच असला पाहिजे, असा आग्रह आपण धरतो. तो खरा नाही.

त्याच वर्षी १ जूनला पॅरिसच्या प्लास व्हांदोम चौकात त्यांच्या स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. खोल्यांना जोडून स्नानगृहे, विजेचे दिवे, धूळ धरणार नाहीत अशा भिंती. दिव्यांचा कोणता रंग चेहऱ्याला खुलतो, हे पाहण्यासाठी त्यांनी पत्नी मारी-लुईझ यांना दिव्यांखाली तासन्‌तास बसवले होते म्हणतात. मात्र हात-पाय शेतकऱ्यासारखे थोराड असल्याचे शल्य त्यांना कायम होते, म्हणून ते मुद्दाम तोकडे बूट घालीत, असेही सांगतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली व्यक्ती मी. म्हणून असेल, ते बूट मला त्यांच्या हॉटेलांहून अधिक लक्षात राहिले.

जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक राजाच्या आजारामुळे ऐनवेळी पुढे ढकलला गेला. लंडनच्या कार्लटन हॉटेलातील रिट्झ यांची सारी तयारी फुकट गेली आणि ते कोसळले. मन पुन्हा सावरले नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

एप्रिल २०१८ मध्ये पॅरिसच्या रिट्झमधील सुमारे दहा हजार जुन्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा लोकांनी चढाओढीने बोली लावल्या. ‘मुलामा’ हा शब्द आपण दिखाऊपणासाठी वापरतो. मला मात्र वाटते, रोज घासले-पुसले जाऊनही भांडे टिकते ते खालच्या साध्या धातूमुळे. रिट्झ यांना त्याच धातूची लाज वाटत राहिली, याचे मला वाईट वाटते.