बालआरोग्याचा द्रष्टा राजा : सयाजीराव गायकवाड

शाळेत डॉक्टर येतात, मुलांचे दात, डोळे, वजन तपासतात आणि एक चिठ्ठी घरी पाठवतात. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावीही आता हे नवे राहिलेले नाही. परंतु आपल्या देशात या कार्याचा आरंभ कोठे झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या शेतकरीपुत्राला अक्षरओळखही नव्हती. विद्येचे मोल त्यांना असे स्वानुभवाने कळले. 1881 मध्ये राज्यकारभार हाती आला. 1885 मध्ये पत्नी चिमणाबाई ऐन तारुण्यात निवर्तल्या आणि 1908 मध्ये ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव यांच्या मृत्यूचा आघात त्यांनी सोसला. तरीही प्रजेच्या मुलांची काळजी त्यांनी सोडली नाही.

1893 मध्ये अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व 1906 मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. मूल सक्तीने शाळेत आणल्यावर ते शिकण्याइतके निरोगी आहे की नाही, हे पाहणेही ओघानेच आले. 1909 मध्ये बडोदा शहरात शालेय मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा प्रारंभ याच वर्षापासून मानला जातो. इंग्लंडमध्येही असा कायदा 1907 मध्येच झाला होता.

अशा तपासणीतून काय दिसते? किडलेले दात, वाहणारे कान, सुजलेले टॉन्सिल्स, खरूज, रक्तक्षय आणि अधू दृष्टी. फळ्यावरची अक्षरे न दिसणारे मूल मंदबुद्धीचे ठरवले जाते, कमी ऐकणारे मूल हट्टी ठरते. दोष शरीरात आणि शिक्षा मात्र मनाला!

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. त्यांनी घालून दिलेला धडा देशाने लवकर गिरवला नाही. 1946 च्या भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यासारखीच आढळली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, ती अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा.

पालकहो, तपासणी म्हणजे उपचार नव्हे. दप्तरात चुरगळून पडलेली ती चिठ्ठी कामाच्या धबडग्यात तशीच राहिली, तर डॉक्टरांचे येणे व्यर्थ होते. ती वाचावी, मुलाला रुग्णालयात न्यावे, चष्मा लागल्यास लाज बाळगू नये. राजाने आपले कर्तव्य शंभर वर्षांपूर्वीच केले. आता पाळी आपली आहे, असे आम्हांस वाटते.