बारा स्वरांवर जग थांबलं होतं, मेक्सिकोच्या या संगीतकाराने तेरावा स्वर शोधला

पेटीवर एका 'सा'पासून पुढच्या 'सा'पर्यंत किती पट्ट्या असतात? काळ्या आणि पांढऱ्या मिळून बारा. पियानोवरही तेवढ्याच. पाश्चात्त्य संगीताचा सगळा डोलारा या बारा स्वरांवर उभा आहे. पण दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत काहीच नाही का? मेक्सिकोतल्या एका तरुणाला हा प्रश्न पडला आणि त्याच्या उत्तरात त्याचं अख्खं आयुष्य गेलं. त्याचं नाव हुलियान कारियो.

कारियो यांचा जन्म 28 जानेवारी 1875 चा. सान लुईस पोतोसी प्रांतातलं आउआलुल्को हे त्यांचं गाव. घर मूलनिवासी समाजातलं आणि गरीब. एकोणीस भावंडांतलं हे शेंडेफळ. गावच्या चर्चमध्ये गाता गाता त्यांना संगीताची गोडी लागली. पुढे शिकायला ते आधी सान लुईस पोतोसी शहरात आणि मग राजधानीतल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत पोहोचले.

तिथे ध्वनिशास्त्राच्या तासाला एक साधा नियम शिकवला जायचा. तार अर्ध्यावर दाबली की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. वेगळ्या जागी दाबली की वेगळा स्वर मिळतो. कारियो यांनी विचार केला, मग हे भाग करत करत जायचं तरी कुठपर्यंत?

1895 मध्ये त्यांनी वायोलिनच्या सगळ्यात जाड तारेवर प्रयोग सुरू केला. एका पूर्ण स्वराचं अंतर घेतलं आणि त्याचे भाग पाडत गेले. काही वेळाने बोटं जाड पडू लागली. मग त्यांनी धारदार पातं घेतलं आणि त्याच अंतरात सोळा वेगवेगळे स्वर ऐकले. एका सप्तकात अशी सहा अंतरं असतात. म्हणजे बाराऐवजी थेट 96 स्वर!

बाराच्या पलीकडचा पहिला स्वर तो तेरावा, म्हणून त्यांनी या शोधाला 'सोनिदो त्रेसे', म्हणजे 'तेरावा स्वर' असं नाव दिलं.

पण स्वर सापडला म्हणून लगेच संगीत तयार होत नाही. ते वाजवायला वाद्य नाही, लिहायला लिपी नाही, वाजवणारे नाहीत. त्यामुळे हा शोध बरीच वर्षं तसाच राहिला.

दरम्यान राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास त्यांच्या वादनावर खूश झाले आणि 1899 मध्ये शिष्यवृत्तीवर कारियो युरोपला गेले. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये शिकताना त्यांनी पहिली सिम्फनी लिहिली, तीसुद्धा जुन्या बारा स्वरांतच. मायदेशी परतल्यावर 1913 मध्ये ते कॉन्झर्व्हेटरीचे संचालक झाले. पण तो काळ क्रांतीचा होता. वुएर्ता यांची राजवट कोसळली आणि त्या राजवटीत पद भूषवलेल्या कारियो यांना 1914 मध्ये न्यूयॉर्क गाठावं लागलं. काही वर्षांनी ते परतले आणि मग जुना प्रश्न पुन्हा हातात घेतला.

1920 च्या दशकात त्यांनी आपला सिद्धांत मांडला आणि वादळ उठलं. 1924 मध्ये नऊ जणांच्या एका गटाने वर्तमानपत्रातून त्यांना जाहीर आव्हान दिलं. हे नेमकं आहे काय, ते सिद्ध करून दाखवा, अशी मागणी झाली. 1925 मध्ये मेक्सिको सिटीत मैफल झाली आणि कारियो यांनी नव्या स्वरांतलं संगीत लोकांना प्रत्यक्ष ऐकवलं. कोलंबसवरची त्यांची 'प्रेलुदिओ आ कोलोन' ही रचना यातली सगळ्यात गाजलेली. त्यात गायिकेला पाव स्वरांच्या अंतराने गावं लागतं, तर हार्पवर सोळाव्या भागाचे स्वर वाजतात.

लिपीचा प्रश्नही त्यांनी सोडवला. पाच रेघांवरच्या टिपक्यांना फाटा देऊन त्यांनी सरळ आकडे वापरले. सप्तकातला पहिला स्वर 0 आणि शेवटचा 95.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांची रचना वाजली. ख्यातनाम कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना ती इतकी भावली की त्यांनी नवी रचना लिहून घेतली आणि 1927 मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत ती सादर केली.

आता उरला होता पियानो. कारियो यांनी एक-दोन नाही, तर पंधरा पियानोंचा आराखडा केला. प्रत्येकाची विभागणी वेगळी. कुणी पूर्ण स्वराचं, कुणी त्याच्या तिसऱ्या भागाचं, असं करत शेवटचा सोळाव्या भागाचा. या शेवटच्या पियानोला 97 पट्ट्या आहेत आणि एवढ्या सगळ्या पट्ट्यांत मिळून एकच सप्तक मावतं! जर्मनीच्या सॉटर कंपनीने हे पियानो बनवले आणि 1958 च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. कारियो तेव्हा 83 वर्षांचे होते. पात्याच्या प्रयोगाला 63 वर्षं झाली होती.

सूक्ष्म स्वरांचा ध्यास घेणारे ते एकटे नव्हते. त्याच काळात युरोपात आलोइस हाबा हेसुद्धा पाव स्वरांत लिहीत होते. त्यामुळे पहिलं कोण, यावर वाद होत राहिले. शिवाय कारियो यांच्या रचना वाजवायच्या तर खास वाद्यं लागतात. त्यामुळे जगभरातल्या मैफलींत त्या फारशा ऐकू येत नाहीत.

9 सप्टेंबर 1965 रोजी मेक्सिको सिटीत कारियो यांचं निधन झालं. त्यांच्या जन्मगावाने मात्र हा स्वर थेट आपल्या नावातच घेतला. नकाशावर आज ते गाव 'आउआलुल्को देल सोनिदो 13', म्हणजेच 'तेराव्या स्वराचं आउआलुल्को' या नावाने सापडतं.