मारलेल्या पाखराचा हिशेब

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आमचे जुने घर आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथेच एकमेकांना मिळतात. पूर्वी पहाटे ट्रकच्या भोंग्यांनी जाग यायची. आता डोक्यावरून उड्डाणपूल गेला, पण भोंगे काही कमी झाले नाहीत. गेल्या डिसेंबरात परदेशी नोकरी करणारा माझा भाचा पंधरा दिवसांसाठी राहायला आला होता. तिकडे त्याला पाण्याखाली बुडी मारून भाल्याने मासे टिपण्याचा छंद जडला आहे. या भाल्याच्या टोकाला बसवायची एक लहानशी नळी मिळते, तिला पॉवरहेड म्हणतात. आत खरेखुरे काडतूस असते. टोक माशाच्या अंगावर दाबले गेले की ते उडते. शार्क अंगावर आला तर जीव वाचावा म्हणून पाणबुडे ती जवळ बाळगतात. काहीजण तिने मोठे मासेही मारतात. कुठे कायदा तिला बंदूकच मानतो, कुठे तिने मासे मारायला बंदी आहे, तर कुठे फक्त स्वसंरक्षणाला मुभा आहे. आपल्याकडे तर नुसते काडतूस बाळगायलाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

भाच्याला तशी एक नळी घ्यायची होती. मुलगा शहाणा, आधी नियम वाचणारा. सकाळी पोहे खाता खाता त्याने मला विचारले, की मामा, परवाना काढला, बंदी असेल तिथे वापरली नाही, तर मग त्यात वाईट ते काय उरले?

मला पटकन उत्तर सुचले नाही. आठवला तो माझ्या लहानपणचा नदीचा डोह. मी दहा वर्षांचा असेन. आमच्या जिल्ह्यात विहिरी खोदताना खडक फोडायला सुरुंग लावतात. अशाच कामावरच्या जिलेटिनच्या कांड्या घेऊन एक लांबचे नातलग आम्हा मुलांना नदीवर घेऊन गेले. धडाका झाला, पाणी उसळले आणि मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. आम्ही दोन पाट्या भरल्या. आईने ते शिजवले, मीही चवीने खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी एकटाच पुन्हा त्या डोहावर गेलो. पाहतो तर काल वर आलेले मासे थोडेच होते. स्फोटाच्या दणक्याने माशांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते आणि पुष्कळसे तळाशी जातात. ते आता फुगून वर आले होते. बोटाएवढी पिल्लेही त्यात होती. घाणीने उभे राहवेना. घरी येऊन मी कुणाला काही सांगितले नाही.

स्फोटकाने मासे मारणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. तो नियम 1897 सालच्या मासेमारी कायद्यातच होता. तो कायदा झाला तेव्हा मुंबईत एक मूल अवघे काही महिन्यांचे होते. त्या मुलाचे नाव सलीम अली.

डॉ. सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा. भावंडांत सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या मुलांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. मामांना मूलबाळ नव्हते, शिकारीचा षोक मात्र दांडगा होता. भाच्याच्या हातात त्यांनी छऱ्याची बंदूक दिली. आपल्या देशातला सर्वांत मोठा पक्षिमित्र घडला तो अशा शिकारी घरात!

1908 साली या मुलाने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याला पिवळा डाग होता. ही निराळीच दिसते, खायला चालेल की नाही, अशी शंका त्याला आली आणि तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. काहीतरी ठोकून देण्याऐवजी त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड साहेबांनी पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी. कोणता पक्षी, नर की मादी, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाला, सारे तिच्यावर लिहिलेले. मारलेल्या पाखराचाही हिशेब ठेवतात, हे त्या मुलाने तिथे पाहिले.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. तिथे धंद्यापेक्षा रानच अधिक पाहिले. परत येऊन त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. 1918 मध्ये तहमिना बेगमशी लग्न झाले. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरी लागली. नंतर रजा घेऊन बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 मध्ये परतले तर ती जागाच रद्द झालेली! मग हे जोडपे अलिबागजवळच्या किहीमला राहिले. बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी सुगरणीच्या घरट्यांपुढे तासन् तास बसून जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव जगाला कळले.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. पगार नको, फक्त खर्च द्या, अशा बोलीवर त्यांनी हैदराबादचे काम घेतले. या पाहण्यांत बंदूक होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. दुर्बिणीतून सारखेच दिसणारे दोन पक्षी हातात घेऊन मोजल्याशिवाय वेगळे सांगता येत नसत. तेवढ्यासाठी पक्षी मारावा, मारला की त्याच दिवशी त्याची नोंद करावी, अशी शिस्त होती. नुसत्या भूतदयेवर पक्षी वाचणार नाहीत, शास्त्राचा आधार हवा, असे त्यांचे मत होते. 1939 मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमिनाबाई गेल्या. त्या दुःखातून सावरत त्यांनी काम चालूच ठेवले, आणि 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले.

आता दुसऱ्या बंदुकीची गोष्ट. 12 नोव्हेंबर 1938 रोजी, म्हणजे सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली. एका दिवसात 4273 पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर आजही कोरलेला आहे. सारे अगदी कायदेशीर. महाराजांचे तळे, महाराजांचे पाहुणे. आकडा आहे, पण तो हिशेब नव्हे. कोणते पक्षी, कशासाठी, यातले काही त्यावर नाही. स्वातंत्र्यानंतर हे तळे आटवून शेती करावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत रदबदली केली. तळे वाचले.

परवाना आहे पण सचोटी नाही, अशा बंदुकीने काय होते, याचा एक दाखला आपल्या खानदेशातला आहे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड 1884 नंतर कुणाला दिसले नव्हते. फक्त कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात 1914 ची चिठ्ठी लावलेला एक रानपिंगळा होता, ठिकाण गुजरातमधले. हेच कर्नल 1937 मध्ये सलीम अलींबरोबर अफगाणिस्तानात हिंडले होते. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांनी रानपिंगळा शोधला, पण तो मिळाला नाही. खरी गोष्ट 1990 नंतरच्या दशकात उघड झाली. कर्नलसाहेबांनी जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून पुन्हा शोध झाला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. सलीम अलींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. एका खोट्या चिठ्ठीने त्यांना भलत्याच रानात हिंडवले होते.

स्वतः सलीम अली मात्र बंदुकीपाशी थांबले नाहीत. 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने स्थलांतरी पक्ष्यांना जाळ्यात धरून, पायात आकडे कोरलेले कडे घालून सोडायचे मोठे काम हाती घेतले. ते त्याचे पुढारी होते. तीच चिठ्ठी, तोच हिशेब. फक्त आता पाखरू जिवंत उडून जात होते. 1968 ते 1974 या काळात रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. 1976 मध्ये पद्मविभूषण, 1985 मध्ये राज्यसभा, आणि 1987 मध्ये, नव्वदीत, अखेर.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन निफाडमार्गे नांदूर मधमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणथळ म्हणजे महाराष्ट्राचे भरतपूर, असे सलीम अली म्हणाल्याचे इथे सगळे सांगतात. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. बांधाऱ्यावर उभे राहून आम्ही बदकांचे थवे पाहिले. डोहाची गोष्ट मी त्याला तिथे सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

मग जमेल तसे उत्तर दिले. कायदा पाळायचा, तो आधी. काडतुसाची खिट्टी पाण्यात उतरेपर्यंत काढायची नाही. सोबती जवळ असताना ती वस्तू हाताळायची नाही, आणि जिवावर बेतल्याखेरीज वापरायची नाही. पण परवाना एवढेच सांगतो, की सरकारची हरकत नाही. काय मारले, किती, कशासाठी, आणि जखमी होऊन खोल गेले त्याचे काय झाले, हे आपले आपल्याला सांगता यायला हवे. ते सांगता येत नसेल, तर हत्यार खाली ठेवावे.

भाचा काही बोलला नाही. दुर्बीण मात्र त्याने परतीच्या वेळेपर्यंत सोडली नाही. दोन महिन्यांनी त्याने एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, ठिकाण, माशाची जात, लांबी. खाली एका ओळीत लिहिले होते, की एक मासा भाला लागून निसटला. पॉवरहेडचे पुढे काय केले, ते मी अजून विचारलेले नाही. वहीचे मात्र दर फोनला विचारतो.