तेल तुटले तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेब काय करत होते?

१९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि इंग्रजांनी माघार घेताना ब्रह्मदेशातल्या येनांजाँगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानला रॉकेल आणि पेट्रोल मोठ्या प्रमाणावर तिथूनच यायचे. पेट्रोलचे रेशनिंग आधीच सुरू झाले होते. मोटारींना भट्टी जोडून कोळशाच्या वायूवर त्या चालवण्याची वेळ आली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै १९४२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. नाव मजूर खाते, पण खाणी, वीज, पाटबंधारे आणि सरकारी बांधकामे हे सगळे याच खात्यात होते.

आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या धोरणाचे समर्थन करताना हाच धागा ओढला जातो. देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, कुठे युद्ध पेटले की आपली घडी विस्कटते, म्हणून गाड्या विजेवर न्या. युक्तिवाद खरा आहे. पण वीज कोणासाठी आणि कोणाच्या कष्टावर, हे त्यात कोणी विचारत नाही. बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे चळवळीतल्या तरुणांना माहीत असायला हवे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये देशातले प्रत्येक धरण बाबासाहेबांनी एकट्याने बांधलेले असते. तेवढ्या फुगवट्याची गरज नाही, घडले तेच पुरेसे मोठे आहे.

विजेकडे ते इंजिनिअर म्हणून आले नाहीत, अर्थशास्त्रज्ञ म्हणून आले. कोलंबियाहून परतल्यावर, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडून शेतकऱ्याचे दारिद्र्य जाणार नाही, शेतीवर विसंबलेली जादा माणसे उद्योगात गेली पाहिजेत, असा त्याचा रोख होता. गावगाड्यात अडकलेल्या, जमीन नसलेल्या माणसासाठी हा निव्वळ अर्थशास्त्राचा मुद्दा नव्हता. गाव सोडता येणे हीच त्याची पहिली मुक्ती होती.

पण कारखान्यात पोचले म्हणजे जात सुटते, असा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता. ते परळच्या चाळीत गिरणी कामगारांमध्ये राहिले होते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. चाके विजेवर फिरू लागली तरी चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंदच राहिले. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्याने विटाळ होतो. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. यंत्र नवे आले म्हणून माणसांची जुनी उतरंड आपोआप मोडत नाही, हे त्यांनी दिल्लीला जाण्याआधीच पाहिले होते.

म्हणूनच कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी दोन कामे बरोबरीने चालवली. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. त्यानंतर दलित विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. दुसरे काम विजेच्या धोरणाचे. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीची बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. वीज खासगी कंपन्यांकडे असावी की सरकारकडे, प्रांतांकडे असावी की केंद्राकडे, हे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. पण त्यांनी एक वेगळाच प्रश्नही घेतला, मुळात वीज हवी कशाला? त्यांचे उत्तर असे की दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योग हवेत तर वीज मुबलक आणि स्वस्त हवी. नुसती मुबलक वीज त्यांना पुरेशी वाटत नव्हती.

यातून मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. १९४५ मध्ये नद्यांसाठी मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग आला, त्याचे अध्यक्ष अ. ना. खोसला. दामोदरचे काम याच काळातले. जुलै १९४३ च्या पुरात दामोदरचे बांध फुटले आणि कोलकात्याकडे जाणारे रेल्वेमार्ग तुटले. बंगालमध्ये तेव्हा दुष्काळाने माणसे मरत होती. नुसते बांध उंच करून भागले असते. पण मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा दाखला देत होते. बाबासाहेबांनी तीच दिशा घेतली. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज एकत्र, आणि नदी एका प्रांताची नव्हे तर खोऱ्याची. बंगाल, बिहार आणि केंद्राच्या प्रतिनिधींना त्यांनी जानेवारी १९४५ मध्ये कोलकात्यात एकत्र बसवले. टेनेसीचा अनुभव असलेले अभियंता वुर्दुइन यांनी आराखडा केला. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये स्थापन झाले, तोवर बाबासाहेब कायदेमंत्री झालेले होते.

आता अवघड भाग. तो वगळून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

धरणे पुढची गोष्ट होती, १९४३ मध्ये देश कोळशावर चालत होता आणि कोळसा कमी पडत होता. खाणीतले मजूर जास्त मजुरीच्या लष्करी कामांकडे निघून गेले होते. बायकांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. ती सरकारने उठवली, आणि खात्याचे प्रमुख बाबासाहेब होते. महिला संघटनांनी कडाडून विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना उत्तर द्यावे लागले. ही आणीबाणीची, तात्पुरती सवलत आहे, असे त्यांनी मांडले आणि खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हा मुद्दा पुढे केला. त्याआधी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते स्वतः धनबादच्या कोळसा भागात गेले, खाणीत उतरले आणि मजुरांची घरे पाहिली. १९४४ च्या सुरुवातीला खाणमजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बायकांवरची बंदी फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली.

माझ्या मते तो निर्णय त्या बायकांवर अन्यायच होता, समान मजुरीने तो भरून निघत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. ऊर्जेची टंचाई आली की तिचा भार सर्वात खालच्या माणसावर पडतो, हे त्या खात्याच्या फाइलींमध्ये लपवले गेले नाही. मजुरी, घर आणि निधी यांची चर्चा कोळशाच्या टनांबरोबर एकाच टेबलावर झाली.

आजच्या टेबलावर ती दिसते का? देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातूनच येते, म्हणजे विजेवरच्या गाडीमागेही खाणमजूर आहेच. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. दुचाकी आणि रिक्षांना या रस्त्यांवर मुळात प्रवेशच नाही. वस्तीतला ई-रिक्षावाला कर्ज काढून गाडी घेतो आणि रात्री मीटर कुठे जोडायचा याची चिंता करतो. तेलाचे आयातबिल कमी होईल, पण त्याचा फायदा कोणाच्या खिशात जाणार, यावर आपल्या संघटनांनी हरकती आणि निवेदने द्यायला हवीत. चार्जिंग केंद्रांची तांत्रिक मानके ठरवणारे केंद्रीय विद्युत प्राधिकरण संस्थांच्या अनेक फेरबदलांनंतर त्याच तांत्रिक वीज मंडळाच्या वंशातून आलेले आहे. म्हणजे निवेदन कोणत्या दारात द्यायचे हेही ठरलेले आहे.

१९४६ च्या मध्यात बाबासाहेब मजूर खात्यातून बाहेर पडले. पुढे राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आली आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या सूचीत. नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांना नियोजनाचे काम हवे होते, ते मिळाले नाही. १९५१ मध्ये राजीनामा देताना त्यांनी ही खंत स्पष्ट मांडली. ज्या हिराकूड धरणासाठी त्यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला बैठक घेतली, त्याचे उद्घाटन जानेवारी १९५७ मध्ये झाले. महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. त्या धरणाने लाखाहून अधिक माणसांना गावातून उठवले आणि त्यांच्या मोबदल्याच्या तक्रारी पुढे कित्येक दशके चालू राहिल्या.