नव्वदीतला आंधळा सेनापती : एन्रिको दांदोलो

क्रुसेड म्हटलं की आपल्याला रिचर्ड द लायनहार्ट आठवतो, सलाउद्दीन आठवतो, फार तर इंग्रजी पिक्चरमधल्या तलवारी आठवतात. चौथ्या क्रुसेडला मात्र आमच्या शाळेच्या हिस्टरीच्या पुस्तकात जेमतेम दोन ओळी मिळाल्या होत्या. त्यांचा अर्थ असा की जेरुसलेमसाठी निघालेले ख्रिश्चन सरदार चुकून भलतीकडेच गेले. चुकून? जवळजवळ दोनशे जहाजं घेऊन कोणी चुकून जात नाही! ती जहाजं कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला कशी पोचली हे कळायला एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगावी लागते.

एन्रिको दांदोलोचा जन्म साधारण ११०७ चा, व्हेनिसमधल्या मोठ्या घराण्यातला. वयाच्या साठीपर्यंत त्याने काय केलं याची इतिहासात फारशी नोंद नाही. आपल्या गोष्टीत तो येतो तेव्हा आपल्याकडचे लोक रिटायर होऊन नातवंडं सांभाळत असतात. ११७१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटाने, मॅन्युएलने, आपल्या राज्यातले सगळे व्हेनिसवाले एका दिवसात अटक केले आणि त्यांचा माल जप्त केला. व्हेनिसने सूड घ्यायला आरमार पाठवलं, पण त्यात साथ पसरली आणि ते हात हलवत परत आलं. चिडलेल्या लोकांनी आपल्याच डोजचा खून केला. (डोज म्हणजे व्हेनिसचा निवडून दिलेला प्रमुख, मरेपर्यंत खुर्चीवर.) त्यानंतर बोलणी करायला जे वकील कॉन्स्टँटिनोपलला गेले त्यांच्यात दांदोलो होता.

पुढे तो आंधळा झाला. सम्राटानेच त्याचे डोळे घालवले आणि म्हणून त्याने सूड उगवला, अशी फिल्मी स्टोरी शेकडो वर्षं सांगितली जाते. पण ती खरी दिसत नाही. ११७४ च्या कागदावर त्याची सही स्वच्छ आहे आणि ११७६ च्या कागदावर अक्षरं वेडीवाकडी पसरली आहेत. म्हणजे नजर गेली ती परत आल्यानंतर. डोक्याला मार लागून गेली असं त्याच्याबरोबर राहिलेल्या विलार्दुआँने लिहून ठेवलंय. एक सही तपासून एवढी मोठी दंतकथा उडवता येते हे मला भारी वाटलं.

११९२ मध्ये हा पंच्याऐंशीचा आंधळा माणूस डोज झाला. त्याने चांदीचं ग्रोसो नावाचं उत्तम नाणं पाडलं. आणि मग १२०१ मध्ये फ्रान्सच्या सरदारांचे सहा दूत त्याच्या दारात आले.

पोप इनोसंट तिसरे यांनी ११९८ मध्ये नव्या क्रुसेडची हाक दिली होती. सरदारांना समुद्रमार्गे जायचं होतं, पण जहाजं नव्हती. दुतांनी व्हेनिसशी करार केला. आता इंजिनिअर मंडळींनी जरा लक्ष द्या. ४,५०० घोडे, दर घोड्यामागे ४ मार्क. ३३,५०० माणसं, दर माणशी २ मार्क. एकूण ८५,००० मार्क. मार्क म्हणजे पाव किलोहून थोडी कमी चांदी, म्हणजे हा आकडा झाला जवळजवळ वीस टन चांदीचा! शिवाय व्हेनिसने आपल्या खर्चाने ५० गॅली द्यायच्या आणि जे जिंकू त्यात निम्मा वाटा घ्यायचा. गुणाकार बरोबर होता. ३३,५०० हा आकडा कुठून आला, हा खरा प्रश्न. सरदारांनी तो अंदाजाने ठोकला होता, आणि करार ठोक रकमेचा होता, येतील तेवढ्यांचा नव्हता.

व्हेनिसने शब्द पाळला. वर्षभर आपला व्यापार जवळजवळ बंद ठेवून सगळं शहर जहाजं बांधत राहिलं. १२०२ च्या उन्हाळ्यात सैन्य जमलं, तर आली जेमतेम एक तृतीयांश माणसं. बरेच जण दुसऱ्याच बंदरांतून परस्पर निघून गेले होते. मेसमध्ये तीनशे ताटांची ऑर्डर द्यावी आणि शंभर जण जेवायला यावेत, तसं. सरदारांनी घरची चांदीची भांडीसुद्धा देऊन टाकली, तरी ३४,००० मार्क कमी पडले. सैन्य व्हेनिसजवळच्या बेटावर अडकलं. कर्ज फिटेना, जहाजं निघेनात.

इथे दांदोलोचं डोकं चाललं. अ‍ॅड्रियाटिकच्या काठावरचं झारा (आजचं क्रोएशियातलं झादर) व्हेनिसविरुद्ध बंड करून हंगेरीच्या राजाकडे गेलं होतं. ते जिंकून द्या, कर्ज नंतर बघू, असा त्याने प्रस्ताव ठेवला. अडचण एकच, झारा ख्रिश्चन शहर होतं आणि हंगेरीच्या राजाने स्वतःच क्रुसेडची शपथ घेतलेली होती. दांदोलोने सेंट मार्कच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर स्वतः शपथ घेतली, टोपीवर क्रॉस शिवून घेतला, राज्य मुलाच्या हाती दिलं आणि जहाजात बसला. वय नव्वदीच्या पुढे. झाराबाहेर सिस्टर्शियन मठाधिपती गी याने पोपची मनाई जाहीर केली. सिमोन द मोंफोर हा सरदार लढायला तयार झाला नाही आणि पुढे सैन्य सोडून गेला. बाकीच्यांनी नोव्हेंबर १२०२ मध्ये शहर घेऊन लुटलं. पोपनी व्हेनिसवाल्यांना धर्मबहिष्कृत केलं, तर सेनापती बोनिफासने ते पत्रच दाबून ठेवलं!

पुढचं पाऊल आणखी सोपं वाटलं असणार. कॉन्स्टँटिनोपलचा पळून आलेला तरुण राजपुत्र अलेक्सिओस म्हणाला की मला गादीवर बसवा, मी २,००,००० मार्क देतो, १०,००० सैनिक देतो, शिवाय ग्रीक चर्च रोमच्या हाताखाली आणतो. कर्जात बुडालेल्या माणसाला दुसरं काय हवं? जुलै १२०३ मध्ये व्हेनिसच्या जहाजांनी शहराच्या समुद्राकडच्या तटावर हल्ला केला. डोलकाठ्यांना आडवे लाकडी पूल बांधले होते, जहाज तटाला भिडलं की त्यावरून शिपाई थेट बुरुजावर. तटाजवळ माणसं कचरायला लागली तेव्हा दांदोलो सेंट मार्कचं निशाण घेऊन पुढच्या गॅलीत उभा राहिला आणि ती किनाऱ्याला लावायला लावली. त्याला समोरचा तटसुद्धा दिसत नव्हता. बाकीचे लाजेने मागोमाग आले.

अलेक्सिओस गादीवर बसला आणि त्याच्याकडे एवढे पैसे नाहीत हे उघड झालं. दुसरा चुकलेला अंदाज! १२०४ च्या फेब्रुवारीत त्याच्याच माणसाने त्याचा गळा आवळला आणि वसुलीचा शेवटचा रस्ता बंद झाला. एप्रिलमधला पहिला हल्ला फसल्यावर बिशपांनी सैन्याला प्रवचनं दिली की ग्रीकांशी लढणं हे पुण्याचंच काम आहे. १२ एप्रिलला दोन-दोन जहाजं एकत्र बांधून आणली, शहर पडलं आणि तीन दिवस लुटलं गेलं. तेही ख्रिश्चनच होते, क्रॉसच्या खुणा करत मरत होते. हागिया सोफियाचं ऑल्टर फोडून वाटून घेतलं. बायकांवर अत्याचार झाले, नन्सही सुटल्या नाहीत. प्राचीन ब्राँझचे पुतळे वितळवून नाणी पाडली. मार्टिन नावाचा एक मठाधिपती एका चर्चमधल्या पवित्र वस्तू झग्याच्या ओच्यात भरून घेऊन गेला. आणि हो, व्हेनिसचं कर्ज फिटलं.

ग्रीक लेखकांनी सगळं पाप दांदोलोच्या माथी मारलं, त्याने पहिल्यापासून कट केला म्हणून. मला ते पटत नाही. सरदार कमी येतील, राजपुत्र पळून येईल, हे त्याला आधी कसं कळणार? प्रत्येक वेळी तो फक्त बाकी वसूल करायचा पुढचा मार्ग शोधत होता, आणि तेच जास्त भयानक वाटतं. पण म्हणून तो सुटत नाही. झारा हा त्याचाच प्रस्ताव होता. आणि त्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त मान असलेला माणूस तोच होता. त्याने लूट थांबवली नाही, वाटणी नीट होईल एवढं पाहिलं. साम्राज्याचे तीन अष्टमांश व्हेनिसला मिळाले.

१२०५ च्या एप्रिलमध्ये बल्गेरियनांनी एड्रियानोपलजवळ नव्या सम्राटाला, बाल्डविनला, पकडलं आणि सैन्याचा धुव्वा उडवला. उरलेली माणसं रातोरात मागे आणली ती दांदोलो आणि विलार्दुआँने. त्यानंतर काही आठवड्यांतच तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये वारला. जेरुसलेमला तो पोचलाच नाही, व्हेनिसलाही परतला नाही.

लुटीतले चार ब्राँझचे घोडे व्हेनिसला गेले. नेपोलियनने १७९७ मध्ये ते पॅरिसला पळवले, १८१५ मध्ये परत आले. १२६१ मध्ये ग्रीकांनी आपलं शहर परत मिळवलं. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अथेन्समध्ये त्या लुटीबद्दल खेद व्यक्त केला. दांदोलोला पुरलं होतं हागिया सोफियामध्येच, त्याच्याच माणसांनी ऑल्टर फोडलेल्या चर्चमध्ये. तिथे वरच्या गॅलरीत त्याच्या नावाचा दगड आहे, पण तो एकोणिसाव्या शतकात बसवलेला. त्याच्याखाली कोणी नाही.