श्यामच्या पुढची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामेबहिणीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि माझी विकेटच गेली. ती दहा वर्षांची आहे. वाचनाचं वेड इतकं, की शेंगाचटणी बांधून आलेला पेपरचा तुकडासुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. दादा इंजिनिअर होणार म्हणजे त्याला सगळं माहीत असणार, या भाबड्या समजुतीने तिने विचारलं, की तू लहानपणी वाचलेलं सगळ्यात छान मराठी पुस्तक कोणतं?

आता काय सांगणार! मी कॉन्व्हेंटचा. शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा मराठी बोललं की दंड. लहानपणी माझ्याकडे होते फेमस फाइव्ह आणि हॅरी पॉटर. मराठी पुस्तक म्हणजे 'सुलभभारती', तेही परीक्षेपुरतं. पण दहा वर्षांच्या मुलीसमोर हार कशी मानायची? आईच्या कपाटात 'श्यामची आई' होतं, ते काढलं आणि आपण दोघं मिळून वाचू म्हणालो. खरं सांगतो, वाचताना जोडाक्षरांवर मी अडखळायचो आणि ती मला सुधारायची. ते पुस्तक प्रकरणांचं नाही, रात्रींचं आहे. एकूण ४२ रात्री. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने झोडपते, त्या रात्रीपर्यंत आम्ही आलो तेव्हा माझा आवाज बदलला होता. बहिणीने ते बघितलं, पण काही बोलली नाही.

सुट्टी संपता संपता तिने दुसरा प्रश्न टाकला. श्याम म्हणजे लिहिणारे साने गुरुजीच ना, मग आई गेल्यावर त्यांचं पुढे काय झालं? हे मला अजिबात माहीत नव्हतं. हॉस्टेलवर परत आल्यावर सबमिशनच्या फायली बाजूला ठेवून मी लायब्ररीत त्यांच्यावरची पुस्तकं वाचत बसलो. जे कळलं ते इथे लिहितोय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घराणं खोताचं, पण कर्जात बुडालेलं. थोडं शिक्षण दापोलीला झालं. पुढे पैशांची सोय नाही म्हणून औंधला गेले, तिथेही हाल. तिथून पुणं. १९१७ मध्ये आई वारली, तेव्हा ते पुण्याला शिकत होते. १९१८ मध्ये मॅट्रिक, मग बी.ए., एम.ए. (आपल्याला मेसची भाजी आवडत नाही म्हणून आपण घरी फोन करतो, हे मला वाचताना आठवलं.)

१९२४ मध्ये ते खानदेशात अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. छात्रालय म्हणजे आपलं हॉस्टेल. म्हणजे एका अर्थाने साने गुरुजी रेक्टर होते! आता आपल्या डोळ्यासमोर रेक्टर म्हटलं की काय येतं ते मी लिहीत नाही, अंक सरांच्या हातात जाणार आहे. पण हे रेक्टर काय करायचे? मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, पसरलेल्या वस्तू जागेवर ठेवायचे, कपडे धुऊन टाकायचे. कोणाला लेक्चर नाही, नोटीस नाही. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटायची आणि ती आपली खोली आपण आवरायला लागायची. मी हे वाचलं त्या दिवशी आमच्या खोलीत खुर्चीवर तीन दिवसांचे कपडे होते. रूममेटला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, मग कर सुरुवात बे!

त्या मुलांसाठी गुरुजी रोज एक हस्तलिखित काढायचे, 'छात्रालय दैनिक'. स्वतःच लिहायचे. त्यात गोष्टी, देशातल्या बातम्या, थोरांच्या आठवणी असं सगळं. शाळा शिकवून, पोरं सांभाळून रोजच्या रोज अंक! आमच्या संपादक मंडळाला वर्षातून एक अंक काढताना किती दम लागतो, ते मी बघितलंय. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिकही काढलं. मला वाटतं, त्यांचं मुलांसाठीचं लेखन इथेच तयार झालं. वाचणारी मुलं समोरच बसलेली, आवडलं नाही तर चेहऱ्यावर दिसणार. मग भाषा आपोआप सोपी होते.

सहा वर्षांनी, १९३० मध्ये, नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. मग तुरुंगवारी सुरू. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, ते भराभर उतरवून घेतलं साने गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक घरोघरी आहे ते त्यामुळे आपल्याला मिळालं. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते तर तिथे तमिळ शिकून घेतली. आणि नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहिला. पाच दिवस! आपल्याला एका जर्नलला आठवडा लागतो, तेही कॉपी करून. पुस्तक १९३५ मध्ये छापून आलं. अत्र्यांनी त्यावर काढलेला सिनेमा १९५३ चा, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तो बघायला गुरुजी नव्हते.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. श्याम हळवा आहे, सारखा रडतो, म्हणून आपल्याकडे साने गुरुजी म्हटलं की पोरं हसतात. मीही हसायचो. पण हा हळवा माणूस आपल्याच जिल्ह्यात काय करून गेला, हे मला वीस वर्षांत कोणीही सांगितलं नव्हतं. सोलापूरहून पंढरपूर ७०-७५ किलोमीटर. लहानपणापासून दहा वेळा तरी गेलो असेन. रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, चुरमुरे-बत्तासे घेऊन यायचं. पण १९४७ पर्यंत त्याच विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. चोखामेळ्याची समाधी बाहेर आणि त्याच्या माणसांनीही बाहेरच थांबायचं. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून सभा घेतल्या, सेनापती बापट बरोबर होते, सेवादलाचं कलापथक गाणी म्हणत गावोगाव गेलं. तरीही दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठाने. विरोध कडक होता. त्यात खुद्द गांधीजींनाही सुरुवातीला हे उपोषण पटलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत नीट माहिती पोचलेली नव्हती. ज्या माणसासाठी नोकरी सोडली, तुरुंगात गेलो, तोच थांब म्हणतोय. गुरुजी थांबले नाहीत. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन काय असतं हे बाहेरगावच्या हॉस्टेलाइट्सना वेगळं सांगायला नको. दहा दिवस चाललं. शेवटी दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी तयार झाली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. स्वतःचं नाव पांडुरंग, आणि भांडण पांडुरंगाच्याच दारात!

पुढचं सगळं भराभर घडलं. तीन महिन्यांत स्वातंत्र्य, ३० जानेवारी १९४८ ला गांधीहत्या. गुरुजींनी त्यानंतर २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. आंतरभारतीचं स्वप्न बघितलं, म्हणजे एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्याची भाषा शिकायची, एकमेकांकडे राहायचं. माझा रूममेट कन्नड, समोरच्या खोलीत तेलुगू, आणि भांडताना सगळ्यांची सोलापुरी हिंदी. गुरुजींनी आमचा विंग बघायला हवा होता.

आणि मग ११ जून १९५०. वयाच्या पन्नासाव्या वर्षी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं.

हे मी रात्री रीडिंग रूममध्ये वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. तिसऱ्या सेमिस्टरला माझे तीन विषय राहिले होते, तेव्हा दोन-तीन रात्री मी गच्चीवर एकटाच जाऊन बसायचो. काय विचार करत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रूममेटच्या लक्षात आलं. तो काही न बोलता शेजारी येऊन बसायला लागला, आणि चौथ्या दिवशी मला ओढत आमच्या सरांकडे घेऊन गेला. त्यामुळे ही तारीख माझ्यासाठी नुसती इतिहासातली तारीख राहिली नाही.

बहिणीला सांगायचं की नाही? मामी म्हणाली, लहान आहे, आजारी पडून गेले म्हणून सांग. मला ते जमेना. जिने माझी जोडाक्षरं सुधारली तिला खोटं कसं सांगू? फोनवर सांगितलं, की गुरुजी शेवटी फार दुःखी होते, देशात जे चाललं होतं ते त्यांना सहन होत नव्हतं, आणि त्यांनी स्वतःचा जीव दिला. ती बराच वेळ गप्प. मग तिने विचारलं, की त्यांची खोली झाडणारं कोणी नव्हतं का? मी म्हणालो, होते, त्यांच्यावर जीव टाकणारे खूप होते. मग त्यांनी सांगायला पाहिजे होतं ना, एवढं बोलून तिने फोन मामीकडे दिला.

ज्यांच्या घरी असं वाचणारं पोर आहे त्यांच्यासाठी सांगतो. 'श्यामची आई' पोराच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, रोज एक रात्र बरोबर बसून वाचा. मधल्या काही रात्री उपदेशाच्या आहेत, तिथे कंटाळा येतो, आम्ही दोन सोडून दिल्या. त्यानंतर 'सुंदर पत्रे' द्या, गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं आहेत ती. 'धडपडणारी मुले' थोडं मोठं झाल्यावर. आणि 'गोड गोष्टी'तला 'मनूबाबा' सोलापूरच्या पोरांनी तर वाचायलाच हवा, कारण त्याचा हिरो विणकर आहे. एकटा, चिक्कू म्हातारा, मोहरा मोजत बसणारा, आणि एक दिवस त्याच्या घरात एक लहान मुलगी येते. वाचता वाचता मला वाटायला लागलं की ही गोष्ट ओळखीची आहे. मग उजेड पडला! शाळेत नॉन-डिटेलला आम्हाला 'सायलस मार्नर' होतं, जॉर्ज एलियटचं. तेव्हा गाइडमधून पाठ केलं होतं. गुरुजींनी तीच गोष्ट मराठीत आणून बसवली. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'चंही त्यांनी 'दुःखी' केलं आहे.

'मनूबाबा' सध्या बहिणीकडे आहे. पुस्तक लायब्ररीचं, माझ्या कार्डावर काढलेलं, परत करायची तारीख कधीच उलटून गेली. लायब्ररीयन सर, हा लेख वाचत असाल तर दंड भरायला तयार आहे, पण तिचं वाचून होऊ द्या.