पूजा-साहित्याचे महाकवी पंडित श्री वीरविजयजी महाराज

जिनमंदिरात स्नात्रपूजेचे मंगल स्वर सुरू झाले की श्रावक-श्राविकांचे ओठ आपोआप हलू लागतात. लहानपणापासून कानावर पडलेली ही पदे पुस्तक न पाहताही म्हणता येतात. ती ज्यांच्या लेखणीतून उतरली, त्या पंडित श्री वीरविजयजी महाराजांचे चरित्र मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म वि. सं. १८२९ मध्ये अहमदाबाद येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. संसारी नाव केशवराम. तरुणपणी ते घरापासून दूर असताना गंभीर आजारी पडले आणि मुनिश्री शुभविजयजींच्या सहवासात त्यांना आराम मिळाला, असे परंपरेत सांगितले जाते. शरीराच्या व्याधीतून सुरू झालेला हा संबंध पुढे आत्म्याच्या व्याधीवरील उपायापर्यंत पोहोचला. वि. सं. १८४८ मध्ये त्यांनी शुभविजयजींकडे दीक्षा घेतली आणि ते वीरविजय झाले. गुरूंविषयीची कृतज्ञता त्यांनी ‘शुभवेली’ या रचनेत व्यक्त केली आहे.

संस्कृत-प्राकृताचे जाणकार असूनही महाराजांनी पूजांच्या ढाळी लोकांच्या गुजराती बोलीत आणि त्यांच्या ओळखीच्या चालींत बांधल्या. शास्त्रातील कर्मसिद्धान्त दुकानदाराच्या आणि गृहिणीच्या कंठी यावा, एवढे सामर्थ्य त्या ढाळींत आहे. मुंबईत शेठ मोतीशांनी भायखळ्याचे आदिनाथ जिनालय उभारले, त्याचे आणि पुढे शत्रुंजयावरील मोतीशा टुंकेच्या प्रतिष्ठेचेही त्यांनी गुणगान केले.

त्यांच्या रचनांत चौसष्ट प्रकारी पूजेचे स्थान वेगळे आहे. आठ कर्मे आणि प्रत्येक कर्माच्या निवारणासाठी जल, चंदन, पुष्प, धूप, दीप, अक्षत, नैवेद्य व फळ अशा आठ पूजा, मिळून चौसष्ट. यातील शेवटची अंतराय कर्माची पूजा आज घरातील व्यक्तीच्या निधनानंतर भणवली जाते. मूळ रचनेत ती कर्मांच्या क्रमाने येणारी आठव्या दिवसाची पूजा आहे; तिला शोकाच्या घरी नेले ते समाजाने, आणि ते योग्यच झाले.

दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य या पाचांत येणारा अडथळा म्हणजे अंतराय. तो कोणा देवाच्या कोपाने येत नाही, आपल्याच पूर्वकृत्यांतून येतो. खुद्द प्रभू आदिनाथांनाही दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही. अखेर श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरसाने पारणे झाले. वीतराग प्रभू गेलेले माणूस परत देत नाहीत, काही मागितले म्हणून प्रसन्नही होत नाहीत. मग शोकाकुल घराला दिलासा कशाचा? बांधलेले कर्म क्षीण होऊ शकते, या जाणिवेचा. शिवाय आप्तेष्ट एकत्र बसून एका सुरात गातात तेव्हा एकट्याला न पेलणारे दुःख सर्वांमध्ये वाटले जाते, हेही खरेच.

व्यापारानिमित्त कोकणात स्थिरावलेल्या कुटुंबांबरोबर ही पदे पोफळी-चिपळूणच्या परिसरातही आली. येथील नव्या पिढीची बोली मराठी; त्यामुळे चाल पाठ असते, पण अर्थ निसटतो. महाराजांनी बोलीभाषा निवडली ती नेमके हे टाळण्यासाठी. एखाद्या ढाळीचा अर्थ पूजेपूर्वी दोन मिनिटे मराठीत सांगितला, तर हातातील द्रव्यपूजेला मनातील भावपूजेची जोड मिळते.

वि. सं. १९०८ मध्ये अहमदाबाद येथे महाराजांचा स्वर्गवास झाला. स्नात्रपूजेच्या शेवटी येणाऱ्या गुरुपरंपरेत शुभविजयजींच्या पाठोपाठ त्यांनी स्वतःचेही नाव गुंफले आहे. कलश हाती घेतलेले श्रावक ते रोज गातात.